निजलेलं पाणी

नियम साधा आहे, मी दारातच सांगते:
नमुना घ्यायचा तर पाणी सहा तास निजलेलं हवं.
रात्री नळ सोडायचा नाही, फ्लश ओढायचा नाही,
सकाळी चूळ भरण्याआधी, कॉफीचं आधण ठेवण्याआधी
ही बाटली काठोकाठ भरायची,
वेळ लिहायची, पायरीवर ठेवून द्यायची.

हॅमिल्टन शहर, उत्तरेकडचा भाग,
पोलाद कारखान्याच्या कुंपणापासून चौथी गल्ली.
देओलिंडा फुर्तादो सगळं ऐकून घेतात
आणि हसतात.
"सहा तास? इतकं तर ह्या घरात कुणीच निजत नाही, पोरी."

आतल्या खोलीत जेर्मानो.
एकतीस वर्षं भट्टीसमोर,
दोन वर्षं अंथरुणाला खिळून.
बाराला गोळी. दोनला घसा कोरडा.
साडेतीनला चादर. पाचला पुन्हा गोळी.
दर वेळी नळ,
आणि दर वेळी ग्लास भरण्याआधी
धारेखाली बोट धरून उभ्या राहतात,
पाणी गार लागेपर्यंत सोडून देतात.
"साँ मिगेल बेटावरच्या झऱ्याची सवय त्याला.
कोमट दिलं तर तोंड फिरवतो."

तळघरात मी पाइप नाण्याने खरवडला होता.
वरची काजळी निघाली
आणि आतून चांदीसारखं काही चकाकलं.
ह्या चकाकीला मी एकोणीस वर्षं ओळखते.
शिसं.
मऊ, आज्ञाधारक, वाकवाल तसं वाकणारं,
शंभर वर्षं भिंतीआड गप्प.

तीन बाटल्या भरल्या त्यांनी. तिन्ही निर्दोष.
कागदावर मी लिहिलं: रात्री वारंवार वापर, नमुना बाद.
कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळत होतं;
पण ह्या घरात ते मुरायला
थांबतच नव्हतं.

नोव्हेंबरात पायरीवर चौथी बाटली.
झाकणावर बर्फाची साय, लेबलावर तिरकं अक्षर:
नळ शेवटचा बंद केला, रात्री ९.४०.
बाटली भरली, सकाळी ७.१५.

मी दोनदा वाचलं.
दारावर काळी फीत होती, ती नंतर दिसली.

आकडा आला, मर्यादेच्या तिप्पट.
फोनवर सांगायचं ते सांगितलं:
फिल्टरचा जग फुकट, यादीत तुमचं घर वर,
पाइप बदलायचा खर्च पालिकेचा.
पलीकडे बराच वेळ फक्त श्वास.
मग, "म्हणजे मी त्याला रात्र रात्र जे पाजलं..."
"ते वाहतं होतं," मी म्हटलं.
"जे तुम्ही मोरीत सोडून देत होता ना, वाईट त्यातच जास्त होतं."
हे बहुतांशी खरं आहे.
बहुतांशी हा शब्द मी गिळला.

एप्रिलात माणसं आली, अंगण खणलं,
तांब्याचा पाइप टाकला, नवा, लालसर, लाजल्यासारखा.
जुन्याचा वीतभर तुकडा त्यांनी मागून घेतला,
तळहातावर तोलला.
"केवढा जड," म्हणाल्या,
आणि तो खिडकीत, तुळशीसारख्या कसल्याशा रोपाशेजारी ठेवला.

बदलानंतरचा नमुना घ्यावाच लागतो.
बाटली दिली, नियम पुन्हा सांगितला, सहा तास.
त्यांनी मान डोलावली.

सकाळी पायरीवर बाटली. लेबल:
नळ शेवटचा बंद केला, पहाटे ३.३०.
बाटली भरली, ६.००.

तिथेच उभी राहिले, पेन हातात.
आत स्वयंपाकघरात नळ सुरू होता,
गार व्हायची वाट पाहत असावं कुणीतरी.
मी बाद असं लिहिलं नाही.
गाडीतून रिकामी बाटली आणली,
भरलेलीच्या जागी ठेवली,
आणि बेल न वाजवता निघाले.